नऊ पिनांचा खेळ आणि उतारवयातला तोल

माझे वडील वयाच्या ७८ व्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले. हाड उत्तम जुळले होते आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या दृष्टीने रुग्ण बरा झाला होता. परंतु त्या सहा आठवड्यांत आमच्या घरात एक नवा नियम रूढ झाला होता. "बाबा, तुम्ही उठू नका. काय हवे ते सांगा, आम्ही आणून देतो." हा नियम मीच केला होता. वर्तमानपत्र, पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधांचा डबा, सारे काही त्यांच्या खुर्चीपाशी येऊ लागले. चार महिन्यांनी त्यांना हातांचा आधार घेतल्याशिवाय त्या खुर्चीतून उठता येईना. वर्षभरात खुर्चीची जागा पलंगाने घेतली, आणि पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाल्याचे निमित्त होऊन ते गेले.

त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून कागदावर न्यूमोनिया लिहिला गेला. वैद्यकीयदृष्ट्या ते चूक नाही. तरीही आज मागे वळून पाहताना वाटते की, त्यांचे खरे आजारपण मी त्यांना मायेने खुर्चीत बसवले त्या दिवशी सुरू झाले. तीस वर्षे रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने ही कबुली देणे सोपे नाही. पण आज ज्या खेळाविषयी लिहायचे आहे, तो मला का भावला हे या कबुलीशिवाय वाचकांना कळणार नाही.

तळघरातला गुरुवार

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी मी दक्षिण जर्मनीत नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाकडे गेले होते. एका गुरुवारी संध्याकाळी तो मला गावातल्या खाणावळीत घेऊन गेला. जेवण झाल्यावर खालून घरंगळण्याचा आणि मग लाकडे कोसळल्यासारखा आवाज येऊ लागला. कुतूहलाने आम्ही तळघरात उतरलो. तिथे लांबलचक मार्गिका होती, तिच्या टोकाला नऊ पिना उभ्या होत्या, आणि अलीकडे आठ-नऊ स्त्री-पुरुष बाकांवर बसले होते. त्यांतला सर्वांत तरुण माणूस साठी ओलांडलेला असावा.

एक आजोबा उठले. वय ऐंशीच्या पुढे. हातातली काठी त्यांनी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, गोळा उचलला, तीन आखूड पावले टाकली, डावा गुडघा वाकवला आणि गोळा जमिनीवर अलगद सोडला. सात पिना पडल्या. बाकांवरून कौतुकाचा गलका झाला. आजोबांनी परत येऊन काठी घेतली आणि ते आपल्या जागी बसले. मुलाने त्यांच्याशी बोलून मला सांगितले की त्यांचा एक गुडघा बदललेला आहे, पत्नी हयात नाही, आणि गुरुवार मात्र त्यांनी कधी चुकवलेला नाही. का, असे विचारल्यावर ते हसून म्हणाले, "न आल्यास क्लबच्या पेटीत दंड भरावा लागतो!"

माझ्या डोळ्यांसमोर बाबांची खुर्ची आली. त्या आजोबांचे सांधे बाबांच्या सांध्यांहून चांगले नव्हते. फरक एवढाच होता की, त्यांच्या न येण्याची कुणीतरी दखल घेत होते.

खेळ नेमका कसा आहे?

आपल्याकडील मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये जे बोलिंग दिसते ते दहा पिनांचे. त्याचा गोळा सात किलोंपर्यंत जड असू शकतो आणि बोटे घालण्यासाठी त्याला तीन छिद्रे असतात. नऊ पिनांचा खेळ त्याचा वडीलधारा नातेवाईक. मध्य युरोपात तो शतकानुशतके खेळला जात आहे. जर्मन भाषेत त्याला 'केगेल्न' म्हणतात आणि खेळाडू एकमेकांना 'गुट होल्त्स' म्हणून शुभेच्छा देतात. तिचा शब्दशः अर्थ 'चांगले लाकूड' असा. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनाही या खेळाची गोडी होती, असे तिकडे परंपरेने सांगतात. जर्मन स्थलांतरितांबरोबर हा खेळ अमेरिकेत गेला. तिथे त्याच्यावर पैजा लागू लागल्या आणि १८४१ मध्ये कनेक्टिकट राज्याने नऊ पिनांच्या मार्गिकांवर बंदी घातली. बंदी नऊ पिनांवर आहे, तर दहावी उभी करू, या युक्तीतून दहा पिनांचा खेळ जन्मला अशी आख्यायिका आहे. टेक्सासमधील काही जर्मन वस्त्यांत नऊ पिना आजही उभ्या आहेत.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रामुख्याने याचा 'क्लासिक' प्रकार खेळला जातो. गोळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर आणि वजन सुमारे २.८ किलो. त्याला छिद्रे नसतात, तो तळहातावर घ्यायचा असतो. पिना चौकटच्या आकारात मांडलेल्या असतात आणि मधल्या पिनेला 'राजा' म्हणतात. खेळाडूपासून पहिली पिन सुमारे साडेएकोणीस मीटर अंतरावर असते. प्रत्येक पिनेच्या डोक्याला दोरी बांधलेली असते. पडलेल्या पिना यंत्र दोऱ्यांनी वर ओढते आणि पुन्हा जागेवर उभ्या करते. पूर्वी हे काम टोकाला बसलेली मुले हातांनी करत.

या खेळाचा पहिला विश्वविजेतेपदाचा सोहळा १९५३ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे झाला. अलीकडच्या काळात २०१८ मध्ये रुमानियातील क्लुज-नापोका, २०२१ मध्ये पोलंडमधील तार्नोवो पोदगुर्ने आणि २०२२ मध्ये एस्टोनियातील एल्वा या ठिकाणांनी या स्पर्धांचे यजमानपद भूषवले. केवळ राजधान्यांतच भरणारी ही स्पर्धा नाही. जर्मनी, सर्बिया, क्रोएशिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, ऑस्ट्रिया आणि चेक प्रजासत्ताक ही तिच्यातली मातब्बर नावे. सर्बियाच्या विल्मोश झावार्को याने वैयक्तिक विश्वविजेतेपद अनेकदा पटकावले आहे.

स्पर्धेत प्रत्येक खेळाडू १२० फेकी करतो. चार मार्गिका, प्रत्येकीवर ३० फेकी, आणि त्या ३० फेकींसाठी १२ मिनिटे. पहिल्या १५ फेकींत दर वेळी नऊच्या नऊ पिना समोर उभ्या असतात. पुढच्या १५ फेकींचा नियम वेगळा. आधीच्या फेकीत ज्या पिना उरल्या, त्या सगळ्या पाडल्याशिवाय नवा संच मिळत नाही. १२० फेकींत ६०० पिना पाडणे हा मानाचा टप्पा समजला जातो. सामन्यांची चित्रफीत पाहताना माझ्या लक्षात आले की, पहिल्या भागात जोर दिसतो आणि दुसऱ्या भागात कस लागतो. कोपऱ्यात एकटीच उभी राहिलेली पिन पाडण्यासाठी ताकदीचा उपयोग नसतो. तिथे पाऊल, खांदा आणि नजर यांची एकवाक्यता लागते.

एका फेकीत शरीर काय करते?

आता डॉक्टरच्या नजरेने पाहू. १२० फेकी म्हणजे २.८ किलोचा गोळा १२० वेळा उचलणे, एकूण ३३६ किलो. त्याचबरोबर १२० वेळा एक गुडघा वाकवून पुढे झुकणे, शरीराचा भार एका पायावर घेणे आणि पुन्हा सरळ उभे राहणे. ही शेवटची क्रिया माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची. खुर्चीतून उठताना, जिना चढताना, अडखळल्यावर सावरताना हेच मांड्यांचे आणि नितंबांचे स्नायू आपल्याला वाचवतात.

वयानुसार स्नायू झिजतात हे खरे. परंतु वयापेक्षाही अंथरूण त्यांना अधिक वेगाने झिजवते. निरोगी वृद्धांनाही केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वस्तुमान जवळजवळ एक किलोने घटल्याचे अभ्यासात आढळले आहे. माझ्या वडिलांच्या चार महिन्यांचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरी गोष्ट तोलाची. उभे राहण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपायांसह सांधे व स्नायू यांतील संवेदना. उतारवयात मोतीबिंदू वा काचबिंदू डोळ्यांची खबर अंधूक करतो आणि मधुमेह तळपायांची संवेदना बोथट करतो. झोपेच्या गोळ्या तर मेंदूलाच पेंग आणतात. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांनी उठताक्षणी रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून पडणे ही बहुधा एका कारणाची गोष्ट नसते. उरलेल्या संवेदनांना सराव देणे मात्र आपल्या हाती असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी हेच सांगितले आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व स्नायुबल वाढवणारे विविधांगी व्यायाम करावेत. केवळ सकाळी फेरी मारून येणे पुरेसे नाही. चालण्याने हृदयाला व्यायाम मिळतो, तोलासाठी वेगळा सराव लागतो.

दृष्टी नसतानाही

या खेळाची मला सर्वांत जवळची वाटणारी बाजू आता सांगते. दृष्टिबाधित खेळाडूंची आंतरराष्ट्रीय संघटना नऊ पिनांच्या स्पर्धा भरवते. खेळाडूंचे दृष्टीनुसार तीन गट असतात. पूर्ण अंधांच्या पहिल्या गटात सर्वांची दृष्टी सारखीच नसावी असे नको म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधली जाते. अंशतः दिसणाऱ्यांचे पुढचे दोन गट. कोणत्या पिना उभ्या राहिल्या हे साहाय्यक सांगतो आणि खेळाडू मनातल्या मनात तो नकाशा मांडून गोळा सोडतो. डोळ्यांची खबर बंद झाली तरी तळपाय, सांधे आणि कान यांच्या भरवशावर शरीर किती नेमके वागू शकते, याचे याहून बोलके उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे वाचले तेव्हा मला माझी आई आठवली. तिचे वय आज ७९ आहे. काचबिंदूमुळे तिची बाजूची दृष्टी गेली आहे. बाबांच्या पाठोपाठ तीही हळूहळू खुर्चीत स्थिरावत चालली होती. मी पुन्हा तीच चूक करत होते. "आई, तू बस, मी बघते."

आमच्या व्हरांड्यातल्या नऊ बाटल्या

परत आल्यावर मी पाण्याच्या नऊ रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या घेतल्या आणि प्रत्येकीत मूठभर हरभरे टाकले. बाटली पडली की हरभरे खळखळतात, त्यामुळे आईला कानांनी कळते. बाटल्यांना भडक पिवळा कागद गुंडाळला. तिच्यापासून बारा पावलांवर त्या मांडल्या. गोळ्याऐवजी मुलांचा हलका रबरी चेंडू घेतला. भिंतीच्या बाजूला जड, न हलणारी खुर्ची ठेवली, तिच्या पाठीला डावा हात टेकायचा. चेंडू उंच स्टुलावर ठेवला, म्हणजे तो उचलायला वाकावे लागत नाही.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, "या वयात हे काय पोरखेळ!" दुसऱ्या दिवशी शेजारची दोन मुले आली. लगोरीत आपण कसे नेम धरत असू, हे ती त्यांना सांगू लागली. दोन आठवड्यांनी संध्याकाळचे पाच वाजले की ती स्वतःहून व्हरांड्यात येऊन उभी राहू लागली. पहिल्या महिन्यात ती खुर्चीची पाठ घट्ट धरत असे. तिसऱ्या महिन्यात फक्त बोटे टेकवू लागली. हाताचा आधार न घेता खुर्चीतून सलग पाच वेळा उठणे तिला आधी अशक्य होते, आता जमते. काचबिंदू होता तसाच आहे आणि तिचे थेंब नियमित चालू आहेत. खेळाने डोळे बरे झाले नाहीत, पाय मात्र बळकट झाले.

सुरुवात करण्यापूर्वी

कोणताही नवा व्यायाम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वाक्य वाचकांनी अनेकदा वाचले असेल. त्याचा अर्थ येथे नेमका काय, ते सांगते.

१. साधी चाचणी: खुर्चीतून उठून तीन मीटर चालावे, वळावे, परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. अशा व्यक्तींनी आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना भेटावे. चाचणीच्या वेळी कुणीतरी शेजारी असावे.

२. रक्तदाब: तो झोपून आणि उभे राहून असा दोन्ही प्रकारे मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक अंकांनी उतरत असेल तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. औषध मनाने बंद करू नये.

३. कुणी थांबावे: नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असणे, छातीत दुखणे, अनियंत्रित रक्तदाब, मणक्याचे ताजे अस्थिभंग, डोळ्यांची किंवा हर्नियाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चक्कर येण्याचा चालू त्रास. या सर्वांनी परवानगी मिळेपर्यंत प्रतीक्षा करावी. हाडे फार ठिसूळ असल्यास कमरेत वाकणे आणि पिळवटणे टाळावे. अशांनी खुर्चीत बसून चेंडू सोडला तरी चालेल.

४. श्वास: चेंडू सोडताना श्वास रोखू नये, बाहेर सोडावा. श्वास कोंडून जोर लावल्यास रक्तदाब एकाएकी चढतो.

५. पायांत काय: मागे पट्टा असलेली, तळ न घसरणारी चप्पल किंवा बूट घालावेत. मोज्यांवर किंवा सैल सपातांवर खेळू नये. फरशी कोरडी असावी, पायपुसणी आणि सतरंजी बाजूला काढावी. उजेड भरपूर असावा.

६. किती खेळावे: पहिल्या आठवड्यात दहा फेकी पुष्कळ झाल्या. दर आठवड्याला थोड्या वाढवाव्यात. जेवणानंतर लगेच खेळू नये. मधुमेहींनी उपाशीपोटी खेळू नये.

सेवा करणाऱ्या कुटुंबीयांसाठी एक सूचना. आधार देताना ज्येष्ठांचा दंड धरून ओढू नये, त्याने त्यांचा तोल अधिक जातो. त्यांच्या दुर्बळ बाजूला, किंचित मागे उभे राहावे. हात त्यांच्या कमरेजवळ तयार ठेवावा, पण गरज पडेपर्यंत स्पर्श करू नये. हे 'पण' फार कठीण असते. मला स्वतःला ते शिकायला कित्येक आठवडे लागले. प्रत्येक फेकीच्या वेळी माझा हात आपोआप पुढे जात असे. एकदा आई म्हणाली, "तू धरलेस की मला वाटते, मी आता पडणारच." पडण्याची भीती ही पडण्याइतकीच घातक असते, हे मी रुग्णांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. ती भीती आपल्याच हातांतून त्यांच्या अंगात उतरते, हे मला आईने सांगितले.

कुणीतरी वाट पाहावी

त्या तळघरातील दंडाची पेटी मी विसरलेले नाही. स्नायूंचे शास्त्र आपल्या जागी आहे, पण त्या आजोबांना दर गुरुवारी जिना उतरायला लावणारी शक्ती शास्त्रातली नव्हती. ठरलेला वार, ठरलेली माणसे आणि आपण न गेल्यास रिकामी दिसणारी जागा. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, सोसायटीतला कट्टा, यांपैकी कोणत्याही ठिकाणी हे घडू शकते. आपल्या ज्येष्ठ नागरिक संघात आठवड्यातून एक संध्याकाळ नऊ बाटल्या मांडायला काहीच खर्च येत नाही. आणि गैरहजेरीचा दंड म्हणून पुढच्या वेळी सर्वांना चहा द्यावा, म्हणजे झाले.

नऊ पिनांच्या खेळातला तो दुसऱ्या भागाचा नियम मला अलीकडे वारंवार आठवतो. नवा संच मागता येत नाही, समोर जे उरले आहे त्यावरच नेम धरायचा असतो. माझ्याकडे येणारे बहुतेक ज्येष्ठ रुग्ण काय गेले ते सांगतात. दृष्टी गेली, गुडघे गेले, जोडीदार गेला. त्यांचे दुःख खरे असते, ते मी ऐकून घेते. मग मी विचारते, काय उरले आहे? एक बरा पाय, एक चांगला कान, संध्याकाळी येणारी शेजारची मुले. उपचार तिथूनच सुरू होतात. बाबांच्या बाबतीत मी हा प्रश्न विचारला नव्हता.

काल संध्याकाळी आईने चेंडू सोडला. हरभरे खळखळले. ती मान किंचित तिरकी करून ऐकत राहिली आणि तिने विचारले, "किती उरल्या?"

"एक. उजव्या कोपऱ्यात."

"मग चेंडू दे," ती म्हणाली, आणि खुर्चीची पाठ न धरता एक पाऊल पुढे सरकली.